बिल्बाओचे सिंह (भाग ७) : पन्नास सदरे

पिचिची या जुन्या खेळाडूला आणखी एक आठवडा थांबावं लागणार. या वेळी बिल्बाओच्या सान मामेस मैदानात शिरायचं मी कबूल केलं होतं, टिपणंही काढून ठेवली होती. पण मंगळवारी कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना.

पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की ॲथलेटिक बिल्बाओ आणि ॲटलेटिको माद्रिद या दोन स्पॅनिश फुटबॉल क्लबांचे सदरे शेजारी शेजारी वाळत घातले तर कुणाचा कुठला हे ओळखू येणार नाही. मग कोणी कोणाचे पट्टे उचलले? दुसरा प्रश्न टोकदार आहे. सहा आठवडे तुम्ही आम्हाला सांगताय की हा क्लब बास्क मातीबाहेरचा खेळाडू घेत नाही. मग नाव इंग्रजी कसं? आणि सदरासुद्धा बाहेरचा निघाला, तर मातीचा अभिमान उरला कशात?

पत्र कोल्हापूरचं आहे याचं मला नवल वाटलं नाही. जिथे पेठेपेठेतल्या तालमीचा स्वतःचा फुटबॉल संघ असतो, शाहू स्टेडियमवर आपण कुणाच्या बाजूने ओरडायचं हे घरातूनच ठरून आलेलं असतं, तिथल्या माणसाला अंगातल्या रंगाचं मोल कळतं. म्हणून आजचा पूर्ण भाग सदऱ्याला.

सदरा आला साउदॅम्प्टनहून. हे एका ओळीचं उत्तर झालं. पण तो तिथून का आला हे समजायला बिल्बाओच्या धक्क्यावर उभं राहावं लागतं. दुसऱ्या भागातली नेर्व्हियोन नदी आठवा. डोंगरातलं लोहखनिज याच नदीच्या मुखातून बोटींत भरून ब्रिटनला जायचं आणि परतीच्या फेरीत त्याच बोटी वेल्समधला, न्यूकॅसलकडचा कोळसा घेऊन यायच्या. बोटींबरोबर खलाशी, खाणींतले इंजिनिअर, गोदीतले कारागीर यायचे आणि फावल्या वेळात नदीकाठच्या मोकळ्या जागेत चेंडू लाथाडायचे. त्या जागेला गावाने ‘इंग्रजांचं माळरान’ असंच नाव ठेवलं. आज तिच्या जवळच गुगेनहाइम संग्रहालय आहे. तेव्हा बिल्बाओच्या पोरांना इंग्लंड हा परदेश असला तरी अनोळखी नव्हता. बऱ्या घरातली मुलं शिकायला तिकडे जायची, व्यापाऱ्यांच्या माल आणायला खेपा व्हायच्या. एखादी वस्तू इथे मिळाली नाही तर ‘इंग्लंडहून मागवू’ हे त्या गावात सहज बोललं जायचं.

क्लबचा पहिला ठरीव सदरा अर्धा निळा, अर्धा पांढरा होता. ब्लॅकबर्न रोव्हर्सचा असतो तसा, मधोमध उभा दुभागलेला. हुआन मोझर नावाच्या सभासदाने ते सदरे क्लबला दिले होते. काही हंगाम त्यांवर निघाले. मग १९०९ साली नवे सदरे घ्यायची वेळ आली आणि नाताळाच्या सुमारास इंग्लंडमध्ये असलेल्या हुआन एलोर्दुय या तरुणावर ते काम सोपवलं गेलं. निळे-पांढरे, पूर्वीसारखेच हवेत.

एलोर्दुयला ते मिळाले नाहीत. हवे तितके नग कुठेच एकगठ्ठा मिळेनात. परतीची बोट साउदॅम्प्टनहून सुटायची होती. रिकाम्या हातांनी बंदरात येऊन थांबलेल्या त्या मुलाला तिथल्या स्थानिक संघाचे सदरे दिसले : लाल-पांढरे, उभे पट्टे. आणि त्याच्या डोक्यात लख्खकन आलं, की हे तर आपल्या गावाचे रंग! बिल्बाओचा झेंडा पांढरा आहे आणि त्याच्या काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात लाल चौकोन आहे. त्याने पन्नास सदरे विकत घेतले आणि बोटीत चढला.

या प्रसंगाचा मी बराच काळ विचार केला आहे. सांगितलं होतं एक, आणलं दुसरंच. कुठल्याही संस्थेत अशा वेळी काय होतं हे आपण सगळे जाणतो : मीटिंग बसते, पैसे कुणाच्या खिशातून जाणार यावर खडाजंगी होते, आणि माल परत पाठवायचा ठराव होतो. बिल्बाओच्या कार्यकारिणीने सदरे पाहिले आणि जवळपास तिथल्या तिथे रंग बदलून टाकला. जानेवारी १९१० पासून ॲथलेटिक लाल-पांढऱ्या पट्ट्यांत खेळतं आहे. मुलाने बंदरावर जे ओळखलं ते मंडळींनी टेबलावर ओळखलं. मला या कथेतला सगळ्यात मोलाचा क्षण तो वाटतो. एलोर्दुयला नशिबाने हात दिला असेल; कार्यकारिणीने मात्र डोळे उघडे ठेवून निवड केली.

आता पन्नास का, हा प्रश्न हिशेबी वाचकाला पडलाच असेल. मैदानात अकरा जण उतरतात, बदली खेळाडू धरले तरी पंचवीस सदरे पुष्कळ झाले. उरलेले पंचवीस माद्रिदचे होते. पत्रातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे : कोणीच कोणाचे पट्टे उचलले नाहीत, एकाच गठ्ठ्याची वाटणी झाली.

माद्रिदमध्ये त्या काळी बास्क विद्यार्थ्यांचा मोठा गट होता, त्यात खाणकाम शिकणारे बरेच. १९०३ च्या एप्रिलमध्ये स्पॅनिश चषकाचा अंतिम सामना त्यांच्या शहरात झाला. ॲथलेटिकने माद्रिदच्या संघाला ३-२ असं हरवलं. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांनी आपल्या गावाचा संघ राजधानीत जिंकताना पाहिला, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला बिल्बाओच्या क्लबची माद्रिद शाखा काढली. नाव तेच, ॲथलेटिक. सदराही तोच, निळा-पांढरा. पुढे मोठ्या बहिणीने कपडे बदलले तेव्हा धाकटीलाही तेच मिळाले. दोघींची घरं कायमची वेगळी व्हायला १९२१ साल उजाडलं.

तुम्ही ॲटलेटिको माद्रिदचा सामना पुढच्या वेळी पाहाल तेव्हा सदऱ्याकडे बघू नका, चड्डीकडे बघा. ती निळी आहे. बिल्बाओची काळी. लाल-पांढऱ्याखाली निळं कुठून आलं? माद्रिदकरांनी नवे सदरे चढवले, पण चड्ड्या जुन्याच, निळ्या-पांढऱ्या पोशाखातल्या, वापरत राहिले. म्हणजे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या सदऱ्याची खूण आज माद्रिदमध्ये कमरेखाली जपली गेली आहे, बिल्बाओत तिचा मागमूस नाही. माद्रिदमध्ये या पट्ट्यांना एक घरगुती नावही पडलं. तिथे गाद्यांची कापडं अशीच लाल-पांढऱ्या पट्ट्यांची असायची, म्हणून ॲटलेटिकोवाले झाले ‘कोल्चोनेरोस’, आपल्या भाषेत गादीवाले. बिल्बाओचे सिंह आणि माद्रिदचे गादीवाले एकाच गठ्ठ्यातून निघालेले.

दरवर्षी या दोघांची गाठ पडते तेव्हा मी सामना सुरू व्हायच्या आधीच टीव्हीसमोर बसतो, पाहुण्या संघाला कुठला रंग घालून यावं लागलंय ते पाहायला. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर माझ्या अंगात बिल्बाओचा सदरा पाहून कॉलेजची मुलं हमखास ‘ॲटलेटिको?’ असं विचारतात. मी थांबतो आणि साउदॅम्प्टनपासून सुरुवात करतो.

आता दुसरा प्रश्न. मातीचा अभिमान उरला कशात?

पत्रलेखकाने सदरा आणि नाव एवढंच मोजलं आहे. मी यादी वाढवतो. खेळ इंग्रजांचा. स्पेनभर प्रशिक्षकाला ‘मिस्टर’ म्हणतात, तो शब्द सुरुवातीच्या इंग्रज प्रशिक्षकांमुळे रुळला. बिल्बाओला पहिला खरा थोर संघ घडवून दिला तोही एका इंग्रजाने, फ्रेड पेंटलंडने. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या रुलेबेनच्या छावणीत कैदेत दिवस काढलेला हा माणूस १९२२ साली बिल्बाओत आला. लांब लाथा हाणून धावत सुटायचं हा तेव्हाचा खेळ. त्याने चेंडू जमिनीवर ठेवून जवळच्या जवळ पास द्यायला शिकवलं. तो सदैव गोल बोलर हॅट घालायचा. मोठा सामना जिंकला की खेळाडू ती हॅट त्याच्या डोक्यावरून हिसकावून पायांखाली तुडवायचे, आणि पेंटलंड दुसरी विकत घ्यायचा. १९२९-३० च्या लीगमध्ये त्याचा संघ अठरा सामन्यांत एकदाही हरला नाही. पुढच्या हंगामात, ८ फेब्रुवारी १९३१ ला, त्यांनी बार्सिलोनाला १२-१ असं धुतलं; बाता या एकट्या खेळाडूने सात गोल केले. आणि मैदानात उतरलेले ते अकराच्या अकरा बास्क होते.

गेल्या भागातला, फक्त बास्क खेळाडू घेण्याचा नियम इथे पुन्हा नीट वाचायला हवा. तो कागदावर कुठेच नाही हे आपण पाहिलं. पण तो लागू कुणाला होतो? फक्त खेळणाऱ्यांना. बाकावर बसणाऱ्या प्रशिक्षकाला तो कधीच लागू नव्हता. पेंटलंडनंतरही एव्हर्टनहून हॉवर्ड केंडल आला, जर्मनीचा युप हाइन्केस आला, अर्जेंटिनाचा मार्सेलो बिएल्सा आला. बिएल्साच्या हाताखाली २०१२ साली संघ युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि तिथे समोर होती धाकटी बहीण, माद्रिदची. ३-० असा पराभव झाला. तो सामना मला आजही पुन्हा पाहवत नाही.

थोडक्यात, या क्लबात खेळणारी पोरं सोडली तर बाहेरून आलं नाही असं फारसं काही नाही. मला यात विसंगती दिसत नाही. बंदराचं गाव आहे ते. बोटीतून येईल ते पारखून घ्यायची त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. घरातली भांडी, घड्याळ, कापड विलायती असलं म्हणून घर परक्याचं होत नाही. त्या घरात वाढतो कोण आणि बाहेर कमावलेलं घेऊन परत येतो कोण, यावर ते ठरतं. ॲथलेटिकने आपला सगळा हट्ट त्या एका जागी एकवटला. उरलेल्या सगळ्या बाबतींत दार उघडं ठेवलं म्हणूनच तो हट्ट शंभर वर्षांवर टिकला, असं माझं मत आहे.

नावाची गोष्ट मात्र वेगळी आणि अवघड आहे. १९४१ साली फ्रँकोच्या राजवटीत संघांच्या परकी नावांवर बंदी आली. ‘ॲथलेटिक’ इंग्रजी, म्हणून त्याचं सक्तीने स्पॅनिश रूप केलं गेलं : ‘आतलेतिको दे बिल्बाओ’. लक्षात घ्या, याच राजवटीत बास्क आईबापांना पोटच्या मुलाला बास्क नाव ठेवायची मोकळीक नव्हती. शाळेत बास्क भाषा बोलली तर शिक्षा व्हायची. मूळचं इंग्रजी असलेलं नाव जेव्हा त्याच हुकमाने हिरावून घेतलं गेलं, तेव्हा ते आपलं झालं. इंग्रजांनी दिलेला शब्द बिल्बाओच्या घराघरांत बास्क शब्द म्हणून जपला गेला. एकतीस वर्षं. १९७२ साली, फ्रँको हयात असतानाच, क्लबने ते परत मिळवलं. माद्रिदच्या बहिणीने मात्र स्पॅनिश रूपच ठेवलं. म्हणून आज एक ॲथलेटिक आणि दुसरं ॲटलेटिको, आणि मधल्या त्या अर्ध्या अक्षराच्या फरकात एवढा इतिहास. बिल्बाओच्या माणसासमोर चुकून ‘ॲटलेटिको’ म्हणालात तर तो का दुखावतो हे यावरून कळेल.

नावावरून आठवलं. स्पेनमध्ये कुठलाही संघ विजेता ठरला की ‘अलिरोन’चा जल्लोष होतो आणि बिल्बाओकर सांगतात, हा शब्दही आमच्या खाणींतला. अस्सल खनिज सापडलं की इंग्रज इंजिनिअर फळ्यावर ‘ऑल आयर्न’ लिहायचे, त्या दिवशी मजुरांना जादा पगार मिळायचा आणि ते ‘अलिरोन, अलिरोन’ करत नाचायचे. गोष्ट सुरेख आहे, पण मला ती पटत नाही. स्पॅनिश अकादमीचा कोश हा शब्द अरबीतून, जाहीर घोषणेच्या अर्थाच्या शब्दातून आला असावा असं सांगतो, आणि अरबी शब्दांची स्पॅनिशमध्ये रीघ आहे हे पाहता तेच संभवतं. आपल्याकडचा ‘एलान’ हा त्याच कुळातला. तरीही बिल्बाओने खाणीचीच गोष्ट का धरून ठेवली हे मला कळतं.

परत सदऱ्याकडे. उसना आणलेला हा सदरा त्या लोकांनी पुढे कसा सांभाळला, ते सांगितल्याशिवाय पत्राचं उत्तर पुरं होत नाही. युरोपातले क्लब छातीवर बिअरच्या, टीव्हीच्या कंपन्यांची नावं मिरवत होते तेव्हा बिल्बाओचे पट्टे कोरे राहिले. २००८ सालापर्यंत त्यांवर एकाही कंपनीची जाहिरात आली नाही. मग पेट्रोनोर या त्यांच्याच प्रांतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीचं नाव आलं, तेव्हाही जुने सभासद हळहळले. त्याआधी २००४ साली दारिओ उर्साय या बास्क चित्रकाराकडून युरोपातल्या सामन्यांसाठी खास सदरा करून घेतला गेला होता. पट्टे मोडून पांढऱ्यावर लाल ओघळ आणि शिंतोडे. चित्रकार आपला, कल्पना त्याची, शिवण घरची. त्याहून अस्सल बास्क सदरा झाला नव्हता. लोकांनी त्याला ‘केचप’ नाव ठेवलं. हंगामापूर्वीच्या थोड्या सामन्यांनंतर तो कायमचा कपाटात गेला आणि साउदॅम्प्टनचे पट्टे परत आले.

पेंटलंडचं एक सांगायचं राहिलं. १९५९ च्या डिसेंबरमध्ये क्लबने त्याला इंग्लंडहून पुन्हा बोलावून घेतलं. त्याच्या सन्मानार्थ चेल्सीबरोबर सामना ठेवला आणि त्याला क्लबचं पदक दिलं. तेव्हा त्याने बिल्बाओ सोडून पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. पुढे १९६२ साली तो वारला, तेव्हा त्याच्यासाठी सान मामेसमध्ये प्रार्थना झाली.

पुढच्या मंगळवारपर्यंत दुसरं पत्र आलं तरी ते मी उघडणार आहे, पण लेख सान मामेसवरच असेल. येताना फुलांचा एक गुच्छ घेऊन या. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला तो लागतो.