गुरुवारची सुटी आणि तीन दिवसांची मुंबई

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की घराघरांत पुढच्या सुटीचे बेत शिजू लागतात. नाताळ जवळ येत असतो, हवा सुखाची असते, आणि पिंपरी-चिंचवडच्या अनेक बिऱ्हाडांतून एक प्रश्न हमखास निघतो : "यंदा मुलांना मुंबई दाखवायची का?" प्रश्न सोपा आहे, पण उत्तराच्या आड जी अडचण येते ती नेहमी पैशांचीच असते असे नाही. ती असते वारांची!

आपल्या या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुटी असते गुरुवारी, आणि शाळांना असते रविवारी. वडील घरी असतात तेव्हा मुले वर्गात, आणि मुले घरी असतात तेव्हा वडील पाळीवर. घरातल्या आईला तर दोन्ही वार सारखेच. गुरुवारी मुलांचा डबा, रविवारी त्यांच्या वडिलांचा! ती स्वतः नोकरी करीत असेल तर तिच्या सुटीचे पंचांग आणखी निराळे. अशाने सारे कुटुंब एकत्र बाहेर पडले असे वर्षातून कितीदा घडते, हे ज्याने त्याने बोटांवर मोजून पाहावे.

म्हणूनच ही सहल नीट आखली पाहिजे. आणि गंमत अशी, की ज्या गुरुवारला आपण एरवी नावे ठेवतो, तोच मुंबईच्या सहलीला फार सोयीचा आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तिन्ही दिवस मात्र दोन्ही ठिकाणी दारे उघडी! नाताळच्या आठवड्यात गुरुवारला जोडून शुक्रवार-शनिवारची रजा काढावी, आणि रविवारी सकाळी आपल्या पाळीवर हजर व्हावे. रजा दोन, दिवस तीन. शिवाय रविवारची तोबा गर्दी टळली ती वेगळीच.

पहिला दिवस : पायी पाहण्याची मुंबई

सिंहगड एक्सप्रेस पहाटे पुण्याहून निघते आणि चिंचवडला थांबते. चाकणला रेल्वे नाही. तिकडच्या मंडळींना वीसेक किलोमीटरचा रस्ता काटून चिंचवड गाठायचे असल्याने अंमळ आधी उठावे लागेल. मोटारीने द्रुतगती मार्गावरूनही जाता येते. परंतु मुंबईत मोटार उभी कोठे करायची, हा प्रश्न तीन दिवस डोक्यावर बसतो. शिवाय आगगाडीतून बोरघाट दिसतो. १८६३ साली खुला झालेला हा घाट आणि त्यातले बोगदे मुलांना खिडकीतून मोजू द्यावेत.

दहाच्या सुमारास गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. येथे उतरणारा प्रत्येक जण घाईघाईने बाहेर पडतो, आणि मुंबईतली पहिली प्रेक्षणीय वस्तू आपण मागे टाकली हे त्याच्या ध्यानीही येत नाही! सामान मुक्कामी ठेवून परत यावे आणि समोरच्या पदपथावरून ही इमारत सावकाश पाहावी. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने ती उभारली. १८८८ साली ती पुरी झाली. दगडात कोरलेल्या पशुपक्ष्यांना जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. २००४ साली तिची जागतिक वारशात गणना झाली. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे. ते १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. त्यातील सर्व दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. तीन दालने निवडावीत आणि ती मनसोक्त पाहावीत. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांनी जमविलेल्या कलावस्तूही येथे आहेत. टाटांचे नाव ज्यांना पिंपरीच्या मोटारगाड्यांमुळेच ठाऊक, त्या आपल्या मुलांना ही दुसरी ओळख करून द्यावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसावे. तेथे काही पाहायचे नाही, नुसते बसायचे!

दुसरा दिवस : घारापुरी

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास गेटवेवर असावे. पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ सालच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण हिच्याखालूनच परत गेली. दोन वाक्यांचा हा इतिहास. पण तेथे उभे राहून सांगितला तर मुले विसरत नाहीत.

लाँचने घारापुरीला जायला तासभर लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर भीषण अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. म्हणून सांगतो : जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, लहानथोरांनी ते नीट बांधावे, आणि लाँच खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या लाँचची वाट पाहावी. दहा मिनिटांच्या घाईपायी जिवाशी खेळ नको.

बेटावर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. आजी बरोबर असतील तर थांबत थांबत चढावे. आतल्या ज्या भव्य मूर्तीला आपण त्रिमूर्ती म्हणतो, ते वास्तविक शिवाचेच तीन मुखांनी प्रकट झालेले रूप, सदाशिव, असे जाणकार सांगतात. वीसेक फूट उंचीच्या त्या मूर्तीचे शांत मधले मुख पाहिले, की चढण्याचा शीण उतरतो. दुपारी परतल्यावर मात्र दुसरे काहीही ठरवू नये. मुक्कामी जाऊन पाय पसरावेत.

तिसरा दिवस : दगडी हत्ती आणि खरे प्राणी

भायखळा हे टर्मिनसपासून धीम्या लोकलने तिसरे स्टेशन. सकाळी मुंबईची सारी गर्दी टर्मिनसकडे धावत असते, आणि आपण निघालेलो असतो उलट दिशेला. त्यामुळे मुलांना लोकल दाखवायची तर हीच वेळ उत्तम! संध्याकाळी साडेपाचनंतर उपनगरांकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलाबाळांसह पाऊल टाकू नये.

राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुले पेंग्विनसाठी धावतील. वडीलधाऱ्यांनी त्यांना आवारातल्या दगडी हत्तीकडे न्यावे. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून तो येथे उभा केला आहे. काल बेट पाहिले, आज त्याचा हत्ती. सहलीचे दोन दिवस असे एकमेकांना जोडले, की मुलांच्या मनात गोष्ट तयार होते.

दुपारी दादरला थालीपीठ, साबुदाणा वडा आणि पीयूष. परतीला सायंकाळची दख्खनची राणी घ्यावी. ती १ जून १९३० पासून धावते आहे. ती चिंचवडला थांबत नाही. पण शिवाजीनगरला उतरले की मेट्रो थेट पिंपरीला आणून सोडते.

काय सोडावे?

हा खरा कठीण भाग. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी, जुहू, एस्सेलवर्ल्डच्या जुन्या आठवणी, नातेवाइकांकडच्या भेटी, हे सारे या खेपेला नाही. पूर्वी मुंबईत उतरायला गिरगावात मामा असे, दादरला आत्या असे. आता बहुतेकांचे मामा डोंबिवलीला आणि आत्या विरारला! तेथून रोज ये-जा करायची तर निम्मी सहल लोकलमध्येच संपेल. म्हणून फोर्ट किंवा दादरच्या आसपास साधी, स्वच्छ खोली घ्यावी, आणि नातलगांना गेटवेवरच बोलवावे. त्यांनीही ते कित्येक वर्षांत पाहिलेले नसते! एकतीस डिसेंबरच्या रात्री मात्र त्या बाजूला फिरकू नये.

आणखी एक. शिदोरी फक्त पहिल्या सकाळपुरती घ्यावी. तिन्ही दिवस दशम्या-चटण्यांचे डबे नेले, की आईचे स्वयंपाकघर तेवढे जागा बदलते, सुटी तिला मिळत नाही. स्वेटर माणशी एक पुरे. मुंबईत तो हातातच राहतो. ज्याची त्याची पिशवी ज्याने त्याने भरावी आणि उचलावी. मुलांच्या खिशात आईवडिलांच्या फोनचा आकडा लिहिलेली चिठ्ठी असावी.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. तेव्हा हे पान बाजूला ठेवून आधी दिनदर्शिका काढा, नाताळच्या आठवड्यातला गुरुवार शोधा, आणि त्याच्याभोवती लाल खूण करा. रजेचा अर्ज उद्याच द्या. ज्या वाराने वर्षभर घरातल्या माणसांची चुकामूक केली, त्याच वाराने एकदा सर्वांना एका गाडीत, एका बाकावर बसवू द्या.