फुटपट्टीखालचा चेहरा

नाकाच्या ठेवणीवरून जात ओळखता येते, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. या समजुतीवर शास्त्राचा शिक्का मारला तो हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं, शंभराने गुणायचं. आकडा ७०च्या आत आला तर नाक अरुंद, ८५च्या वर गेला तर रुंद. एवढ्या भांडवलावर, पुढे १९०१च्या जनगणनेचे आयुक्त झालेल्या रिस्लेंनी निष्कर्ष काढला, की नाक जितकं रुंद तितकी जात खालची.

मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात ही मापं प्रांतवार तपासली. संयुक्त प्रांतात जातींच्या उतरंडीशी बराच मेळ बसला. महाराष्ट्रासह इतर भाषिक प्रदेशांत मात्र तो बसेना. त्याच सुमारास संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लेंच्या बंगालमधल्या नोंदींतल्या चुका दाखवल्या. एकट्या नाकावर विसंबण्याऐवजी अनेक मापं एकत्र धरून दोन गटांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं सूत्र आज जगभरचे संख्याशास्त्रज्ञ वापरतात. रिस्लेंचा सिद्धांत कोण वापरतं?

मग नाकं वेगवेगळी का? २०१७च्या एका जनुकीय अभ्यासात नाकपुड्यांची रुंदी पूर्वजांच्या प्रदेशातल्या तापमानाशी आणि हवेतल्या बाष्पाशी जुळलेली दिसली. त्यात प्रतिष्ठेचा संबंध नाही.

कवटीचीही तीच कथा. युरोपीय कवटीच्या दोन बाजूंतली असमानता हे श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण, अशी एक कल्पना बर्लिनमध्ये मांडली जात होती. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी तिथेच, वंशश्रेष्ठत्ववादी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असं प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकाला नको असलेलं उत्तर लिहायला धाडस लागतं.

‘सुंदर चेहऱ्याचं गणित जगात एकच, १.६१८चं सुवर्ण गुणोत्तर’ हा समाजमाध्यमांचा लाडका समज. सगळ्या चेहऱ्यांना असाच एक साचा लावणारे, नाकाची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, असे नियम युरोपीय चित्रकारांनीही घालून दिले होते. टोरांटोचे लेस्ली फार्कस यांनी १९८५ साली ते गोऱ्या उत्तर अमेरिकी तरुणांवरच ताडून पाहिले, तर बहुतेकांना लागू पडेनात. २००५ साली त्यांनी आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी १,४७० तरुण-तरुणींची चौदा-चौदा मापं प्रसिद्ध केली. आशियाई आणि आफ्रिकी गटांत नाकं रुंद आढळली, डोळ्यांभोवतीच्या मापांतही फरक दिसले. जबडा-दातांवर उपचार करताना हेच फरक कामाला येतात. एका समाजाची सरासरी दुसऱ्यावर लादली, तर धडधाकट चेहराही कागदावर सदोष ठरतो.

‘मग मोजूच नये’ हाही गैरसमजच. अमेरिकेत श्वसनसंरक्षक मुखवटे तपासण्याची चौकट १९६७-६८च्या हवाई दलातल्या माणसांच्या मापांवर बेतलेली होती. २००३ साली सुमारे चार हजार कामगारांचे चेहरे मोजले, तेव्हा जवळपास १५ टक्के त्या चौकटीबाहेर पडले. त्यानंतर चौकट नव्याने आखली गेली, कारण मुखवटा गालाला नीट बसला नाही तर धूळ कडेने आत शिरते.