शाळा सुटल्यावरची शाळा

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून फेरीवाल्यांतून वाट काढत निघालं की छबिलदास शाळा लगेच येते. मराठी नाटकवाल्यांना या शाळेचं नाव पाठ असतं, पण त्याचा तिथल्या वर्गांशी काही संबंध नाही. १९७४ साली ‘आविष्कार’ या संस्थेनं शाळेचं सभागृह संध्याकाळसाठी घेतलं. पुढची कितीतरी वर्षं मुलं घरी गेल्यावर तिथं दुसरीच शाळा भरत राहिली. तिला अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र यांतलं काहीच नव्हतं. मुंबईत नट कसा घडतो, हे समजून घ्यायचं तर मला ही जागा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाइतकीच महत्त्वाची वाटते.

‘मुलाला अभिनय शिकायचाय, कुठं घालू?’ असं गिरगावातले किंवा लालबागमधले पालक आजही विचारतात. याचं उत्तर एकेकाळी सोपं होतं: नाटक कंपनीत. कंपनी हीच निवासी शाळा होती. पोरगा लहानपणी बिऱ्हाडात दाखल व्हायचा. पंगतीत जेवायचा, सकाळी गाण्याची तालीम करायचा, रात्री विंगेत उभा राहून थोरांची कामं बघायचा. बोलपट आले आणि १९३०च्या दशकात एकेक कंपनी बसत गेली. त्यांच्याबरोबर नट तयार करण्याची ती सगळी पद्धतच मोडली. आपण नाटकं बंद पडल्याची हळहळ करतो. शाळा बंद पडल्याची तेवढी केली नाही.

ती पोकळी आधी भरली गिरगावानं. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे डॉ. अ. ना. भालेराव यांनी १९४४ मध्ये मुंबईत मोठा नाट्यमहोत्सव घडवून आणला आणि पुढं केळेवाडीतल्या संघाच्या जागेत नाटक उभं राहत गेलं. तिथं कंपनीत वाढलेले नट आणि नोकरी सांभाळून येणारी हौशी मंडळी एकाच तालमीत बसत. १९५४ साली शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेलं ‘राजमुकुट’ संघानं केलं, तेव्हा दिग्दर्शनाला इंग्लंडचे हर्बर्ट मार्शल होते आणि समोर नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे. कंपनीच्या काळात कमावलेला फाटकांचा आवाज आणि बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाची शिस्त एकाच नाटकात बघायला मिळणं, हे शेजारी छोटी कामं करणाऱ्या नवख्या पोरांसाठी केवढं शिक्षण असेल! पुढं याच संघात एक गिरगावकर तरुण नोकरी करता करता बारीकसारीक भूमिका करत होता. त्याचं नाव लक्ष्मीकांत बेर्डे. विनोदाची अचूक वेळ कोणत्या पुस्तकातून येत नाही. रोज रात्री प्रेक्षक कुठं हसतो आणि कुठं हसत नाही, हे जवळून ऐकावं लागतं.

दक्षिण मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, इब्राहिम अल्काझी वेगळ्या पद्धतीनं शिकवत होते. विजया मेहता अल्काझींकडे आणि आदी मर्झबान यांच्याकडे शिकल्या. तिथून मिळालेली शिस्त त्यांनी मराठीत आणली, ती १९६० साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’मधून. विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू ही मंडळी बरोबर होती. १९६२ साली अल्काझी राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले आणि मुंबईतलं त्यांचं ‘थिएटर युनिट’ सत्यदेव दुबे यांच्याकडे आलं. दुबेंचा भर भाषेवर. लांबच लांब उतारे पाठ करून घ्यायचे, वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय नटाला पुढं जाऊ द्यायचं नाही. ते मूळचे बिलासपूरचे, हिंदी भाषक. पण मराठी नटांच्या दोन-तीन पिढ्यांना वाक्य बोलायला त्यांनी शिकवलं, हे ऋण मराठी रंगभूमीनं मोकळेपणानं मान्य करायला हवं.

‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ सुरू केली. सुलभाताई छबिलदास शाळेतच शिक्षिका होत्या. सभागृह मिळालं त्याच्या मुळाशी ही साधी गोष्ट आहे. तिकीट स्वस्त, नेपथ्य जेमतेम, आणि प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर.

या अंतरानं नटाला काय शिकवलं, ते सांगायला हवं. तिथून चालत जाण्याइतक्या जवळ शिवाजी मंदिर आहे, १९६५ साली उघडलेलं, बाल्कनी असलेलं. तिथं आवाजाची फेक शेवटच्या रांगेपर्यंत जायला लागते, हात उचलला तर तो वरून दिसायला हवा. तीच फेक छबिलदासमध्ये केली तर पहिल्या रांगेतला माणूस मागं सरकेल. इथं पापणी हलली तरी दिसते, आणि खोटी हलली तर तेही दिसतं. एकाच आठवड्यात दोन्ही मापांत काम करणाऱ्या नटाला आपला आवाज किती मोठा आहे, यापेक्षा तो किती आवरता येतो, ते आधी शिकावं लागलं. पुढं कॅमेऱ्यासमोर गेल्यावर या मंडळींना वेगळी शिकवणी लागली नाही, याचं कारण मला इथं दिसतं.

नव्या मुलाच्या वाट्याला पहिल्याच दिवशी भूमिका यायची नाही. तो वाचनाला गोल करून बसायचा. मग प्रॉम्प्टिंग करायचा, म्हणजे विंगेतून वाक्यं पुरवायचा, आणि आपसूक सगळ्यांचं पाठांतर व्हायचं. त्याला खुर्च्या लावायला लागत, लेव्हल्स उचलायला लागत, प्रयोग संपल्यावर झाडूही मारायला लागे. कुणी आजारी पडला की तोच उभा राहायचा, कारण नाटक त्याला येत असायचं. काकडेकाकांसारखा माणूस स्वतः न चमकता अशी वर्षांमागून वर्षं हे सगळं चालवत राहिला. राष्ट्रीय नाट्यविद्यालयातून शिकून आलेले जयदेव आणि रोहिणी हट्टंगडी याच वर्तुळात आले. लोर्काच्या नाटकावरून केलेलं ‘चांगुणा’ त्यांनी इथं बसवलं आणि दिल्लीचं तीन वर्षांचं शिक्षण दादरच्या पोरांपर्यंत पोचलं. लहान मुलांसाठी सुलभाताईंनी ‘चंद्रशाला’ काढली. ‘दुर्गा झाली गौरी’मध्ये मुलांच्या कितीतरी तुकड्या नाचून, गाऊन मोठ्या झाल्या.

एक योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. मुंबईतल्या मराठी नाटकांपैकी ज्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत, त्यांतल्या दोन नाटकांचा विषयच तालीम आहे. १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हौशी मंडळी एका गावच्या सामंतला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून खोटा खटला उभा करतात. १९८० सालच्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये मालवणी गावकरी महाभारत बसवतात आणि मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच सगळ्यांना हाकतो. एक अंगावर काटा आणतं, दुसरं पोट धरून हसवतं. दोन्ही लिहिणाऱ्यांना, करणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांनाही तालमीची खोली घरच्यासारखी ओळखीची होती, म्हणूनच हे जमलं.

त्या ओळखीचं मूळ परळ-लालबागमध्ये आहे. गिरणगावात गावोगावची मंडळं होती. गणपतीत, शिमग्यात नाटक व्हायचंच. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह परळला १९२२ पासून होतं आणि पाळी संपवून आलेल्या कामगारांची नाटकं तिथं होत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले, आणि परत फिरायला गिरण्याच उरल्या नाहीत. घर गेलं, पगार गेला, त्याबरोबर रात्रीची तालीमही गेली. नोकरी असेल तरच फुकट तालीम परवडते, हे तेव्हा कळलं. बँकेत, विमा कंपनीत, सरकारी खात्यात चिकटलेल्यांची नाटकं चालू राहिली, गिरणीतल्यांची थांबली. पगारी नोकरीच्या आधारावर उभी असलेली ही शाळा सगळ्यांना सारखी खुली नव्हती. आणि दुसरी उणीवही मोठी: शरीर आणि आवाज यांच्या रोजच्या मेहनतीकडे तिनं फारसं लक्ष दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी स्वतःच्या हौसेनं दिलं. मुंबई विद्यापीठात २००३ साली वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली नाट्यशिक्षणाची अकादमी सुरू झाली, ती याच कमतरतेवरचं उत्तर म्हणून मला फार मोलाची वाटते.

आता शिकवणारे उदंड आहेत. महिन्या-दोन महिन्यांत ऑडिशनसाठी तयार करून देऊ, असं सांगणारे वर्ग आहेत, फोटो काढून देणारे आहेत. त्यांना सरसकट वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. रोजच्या मालिकेत सकाळी हातात पडलेली पानं दुपारी बोलायची असतात, ते कसब शिकवावंच लागतं. पण त्या वर्गात प्रॉम्प्टिंग नसतं. दुसऱ्याचं काम पूर्णपणे पाठ असणं नसतं. तीस तालमींनंतर एकच वाक्य अचानक उलगडतं, तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

अजून तो वेळ देतात ते एकांकिका स्पर्धावाले. रुईया, रुपारेल यांसारख्या महाविद्यालयांतली मुलं पावसाळ्यात तालमी सुरू करतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यासाठी महिनोन्‌महिने रात्री जागतात. लेखक त्यांच्यातलाच, प्रकाशयोजना करणारा त्यांच्यातलाच. व्यावसायिक रंगभूमी आणि मालिका दोन्हीकडे आज दिसणारे कितीतरी चेहरे यातून आलेत. त्यांची तक्रार नेहमी एकच असते: जागा नाही. वर्ग संध्याकाळी बंद होतात, चाळींचे टॉवर झाले, आणि टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये मोठ्यानं बोललेलं चालत नाही. दामोदर पुनर्विकासासाठी २०२३ साली बंद झालं, तेव्हा कलावंत निषेधाला उतरले. बातम्यांत त्याला ‘नाट्यगृह वाचवा’ म्हटलं गेलं, तालमीच्या जागेचा प्रश्न मागंच राहिला.

‘आविष्कार’ छबिलदासमधून निघाली ती माहीमच्या महापालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच. महापालिकेच्या कितीतरी शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. दिवे आहेत, पंखे आहेत, पहारेकरीही आहे. लालबाग, परळ, गिरगाव इथल्या प्रत्येक प्रभागातली एक शाळा संध्याकाळी सात ते दहा तालमींसाठी, नाममात्र भाड्यानं, वर्षभर उघडी ठेवली, तर नवी इमारत बांधायला नको. दहावीनंतर अभिनयाचं वेड घेतलेल्या मुलाला ‘कुठं जाऊ?’ या प्रश्नावर घरापासून चालत जाता येईल असा पत्ता देता येईल. वर्ग कोणता द्यायचा, एवढंच मुख्याध्यापकांना ठरवावं लागेल.