पुठ्ठ्याची पेठ आणि खाचेतली मोटार

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्ये एखादा छंद धूळ खात पडलेला असतो. आमच्या न्यू जर्सीतल्या घरी तो होता स्लॉट कारचा ट्रॅक. रस्त्याला खाच, खाचेत मोटारीखालची पिन, कडेच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज आणि वेग आपल्या हातातल्या कंट्रोलरवर. इंग्लंडमध्ये १९५७ साली स्केलेक्स्ट्रिकने आणि अमेरिकेत १९६० च्या सुमारास ऑरोरा कंपनीने हा खेळ घरोघरी नेला. आमचा ट्रॅक आठ वर्षांच्या चिरंजीवांच्या नावाने आणला होता, पण हौस माझी!

नुसत्या प्लायवूडवर तो रस्ता उघडाबोडका दिसे. म्हणून मी तयार घरांचे, दुकानांचे किट्स मागवू लागलो. चार महिन्यांत क्रेडिट कार्डावर ३८० डॉलर चढले. एरवी ते खपूनही गेले असते, पण त्याच सुमारास ऑफिसात नोकरकपातीचे वारे वाहू लागले. सौ. ने घरखर्चाचा हिशेब पुढे ठेवला आणि एवढेच म्हणाली, "कार्डाचं व्याज वीस टक्क्यांच्या वर आहे, आणि तुझा पेट्रोल पंप प्लास्टिकचा आहे."

दुसरी काळजी बाबांची होती. ते नोव्हेंबरात पुण्याहून आले. बर्फ पडू लागल्यावर त्यांचे फिरणे थांबले. आम्ही कामावर, मुलगा शाळेत. डिसेंबरात ते दिवसभर पेंगायचे आणि रात्री "भूक नाही" म्हणायचे. एका शनिवारी ते सहज खाली आले, किट्सचे खोके पाहिले आणि म्हणाले, "दिवाळीत किल्ला करताना आपण कधी दुकानात गेलो होतो का रे?"

खरेच की! दगड-विटा रचून, वर गोणपाट टाकून, माती लिंपायची आणि हळीव-मोहरी पेरायची, हे कोणी विकत शिकवले नव्हते. त्या दिवसापासून किट्स बंद झाले.

बाबांनी पहिला प्रश्न केला, "माप काय?" आमच्या छोट्या मोटारी साधारण १:६४ मापाच्या. म्हणजे सात फुटी दार सुमारे १.३ इंच आणि दहा फुटी मजला दोन इंचांना थोडा कमी. मी आणलेली घरे आगगाडीच्या १:८७ मापाची होती, म्हणून मोटारीशेजारी ती खुजी दिसत. बाबांनी ती मागच्या कडेला नेली. लहान घर लांबचे वाटते! पुढे सीरियलच्या खोक्यांचा वाडा, चहाचे दुकान आणि एस. टी. स्टँड उभे राहिले. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहिलेले असल्याने बाबांच्या सूचना संपत नसत.

करून पाहणाऱ्यांसाठी आमचे चार धडे :

१. वळणावर मोटारीची शेपूट बाहेर फेकली जाते. तिथे बाहेरच्या बाजूला तीन-चार इंच सपाट जागा सोडा. घरे, झाडे त्यापलीकडे. ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत हात पोचला पाहिजे.

२. डोंगरासाठी घराच्या इन्सुलेशनचा फोम चालतो. पण स्प्रे पेंट आणि उग्र वासाच्या गोंदाने तो विरघळतो. पांढरा गोंद आणि पाण्यातला रंग वापरा. तापलेल्या तारेने फोम कापला तर धूर होतो, त्यापेक्षा सुरी बरी. भुसा उडतो, तेव्हा मास्क लावा.

३. वाळू आणि गवताचा भुगा गोंदाने पक्का बसवा, नाहीतर तो मोटारीत शिरतो. रूळ पुसायला स्टील वूल नको. त्याचे तुकडे मोटारीच्या चुंबकाला चिकटतात. सुटी चुंबके लहान मुलांपासून दूर ठेवा. एकाहून अधिक पोटात गेली तर आतडे फाटू शकते.

४. हेही जवळचेच काम आहे, डोळ्यांना ताण पडतोच. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहावे.

डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतचा खर्च ६४ डॉलर झाला, त्यात फोमचीच किंमत निम्म्याहून अधिक. कार्डाची बाकी फेब्रुवारीत फिटली. कपातीत माझी नोकरी राहिली, शेजारच्या टेबलावरच्या मित्राची गेली. त्यानंतर आम्ही हौसेसाठी महिन्याला २० डॉलरचे वेगळे पाकीट ठेवतो. पाकीट संपले की पुठ्ठा शोधायचा.

बाबा मात्र जानेवारीपासून दुपारी न झोपता खाली पुठ्ठे कापत बसत. नातू शाळेतून आला की दोघांची शर्यत. जेवायला तीनदा हाका माराव्या लागत, पण मग दोन पोळ्या जास्त जात.

एप्रिलअखेर ते परत गेले. आता दर रविवारी फोनवर पहिली चौकशी तब्येतीची नसते. "चहाच्या दुकानाचं छप्पर टिकलं का?" असे ते विचारतात. वाचकहो, येत्या थंडीत आपल्याकडे आई-वडील येणार असतील, तर सीरियलचे खोके आतापासून टाकू नका.