विद्यापीठाचे डोमेन नाव : ओळख आणि जपणूक

प्रवेश, परीक्षा, निकाल, प्रमाणपत्रांची पडताळणी ही विद्यापीठांची बहुतेक कामे आज इंटरनेटद्वारे पार पडतात. खेड्यातील विद्यार्थी ज्या पत्त्यावर विसंबून शुल्क भरतो, तो पत्ता म्हणजे विद्यापीठाचे डोमेन नाव होय. प्रवेशद्वारावरील नामफलकाइतकेच त्याचे महत्त्व आहे. त्याच्या देखभालीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जातेच असे नाही.

नावामागील व्यवस्था

इंटरनेटवरील संगणक परस्परांना अंकांच्या पत्त्याने ओळखतात. माणसाला अंक लक्षात ठेवणे कठीण जाते, म्हणून नावे योजण्यात आली. प्रारंभी सर्व नावे एकाच यादीत असत. ती अपुरी पडू लागल्यावर १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाव पद्धती मांडली. टपालाच्या पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा असतात, तशीच ही उतरंड आहे. ती उजवीकडून डावीकडे वाचावयाची. 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' या नावात 'इन' म्हणजे भारत, 'एसी' म्हणजे शैक्षणिक क्षेत्र आणि 'युनिपुणे' म्हणजे संस्था. २०१४ साली पुणे विद्यापीठाचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामकरण झाले. तथापि हे डोमेन नाव कायम राहिले. नाव निवडताना दूरदृष्टी का हवी, हे यावरून ध्यानात येईल.

नाव कोण देते?

'डॉट इन' नावांची नोंदवही २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. 'एसी डॉट इन' नावांची नोंदणी अर्नेट इंडियाकडे असून संस्थेची पात्रता तपासूनच ती करण्यात येते. 'डॉट कॉम' नाव मात्र कोणीही घेऊ शकतो. बनावट संस्था याचाच लाभ उठवतात. म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी विद्यार्थ्यांना पत्त्याचे शेवट वाचण्यास शिकवावे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलेली बनावट विद्यापीठांची यादीही दाखवावी.

घ्यावयाची दक्षता

नोंदणी संस्थेच्या नावे असावी, कंत्राटदाराच्या अथवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावे नसावी. संपर्काचा ई-मेल पदनामाचा असावा, म्हणजे बदली वा निवृत्तीनंतर सूचना हरवत नाहीत. नूतनीकरणाची तारीख कार्यालयीन नोंदवहीत लिहून ठेवावी. मुदत टळल्यास संकेतस्थळ व ई-मेल दोन्ही बंद पडतात. परीक्षा, ग्रंथालय आदी विभागांच्या उपनावांचा दरवर्षी आढावा घ्यावा. बंद झालेल्या सेवेकडे निर्देश करणारे उपनाव तसेच राहिल्यास परका मनुष्य विद्यापीठाच्या नावाखाली आपला मजकूर दाखवू शकतो. नोंदीतील बदल सर्वत्र पोहोचण्यास काही तास लागतात. सबब निकालाच्या दिवशी असे बदल टाळावेत.

या कामास मोठा खर्च लागत नाही. लागते ती निश्चित जबाबदारी. कुलसचिव कार्यालयाने ती एका अधिकाऱ्याकडे लेखी सोपविल्यास विद्यार्थ्यांचा विश्वास आणि विद्यापीठाची प्रतिष्ठा दोन्ही सुरक्षित राहतील.