मूत्र: शरीराचा जमाखर्च

मूत्राचा विषय चारचौघांत काढणें आपल्या घरांतून असभ्य मानलें जातें. परंतु सोंवळें आणि स्वच्छता यांविषयीं इतकी दक्षता बाळगणाऱ्या कुटुंबांनीं हा देहव्यापार मुळींच समजून घेऊं नये, हें योग्य नव्हे.

प्यालेलें पाणी पोटांतून थेट मूत्राशयांत उतरतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः मूत्र होतें तें रक्तापासून. अन्नांतील प्रथिनांचा वापर झाल्यावर उरलेल्या नत्रापासून यकृत यूरिया तयार करतें. हा यूरिया रक्तांत मिसळतो, आणि तो बाहेर टाकण्याचें काम पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेलीं मूत्रपिंडें करतात. मुठीएवढ्या प्रत्येक पिंडांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपासच होतें. मग बाकीचें जातें कोठें? कोठीघर आवरणारी गृहिणी सारे डबे बाहेर मांडते आणि हवें तेवढेंच परत आंत ठेवते, त्याप्रमाणें गाळणीपुढील नलिका पाणी, साखर व क्षार पुन्हां रक्तांत घेतात. जें उरतें तें मूत्र.

या परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तांतील साखर फार वाढली, म्हणजे ती मूत्रांत उतरते. चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वरूपांत मूत्राकडे मुंग्या येण्याचा उल्लेख आहे, त्याचें मर्म हेंच.

शरीरांत पाणी कमी पडलें, कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून सुटणारें एक संप्रेरक नलिकांना अधिक पाणी परत घेण्यास लावतें. म्हणून उन्हाळ्यांत मूत्र थोडें व गडद पिवळें होतें. ती पाण्याची मागणीच समजावी.

परंतु ही मागणी ऐकतो कोण? रात्रीं उठावें लागूं नये म्हणून वडीलधारीं माणसें दिवसभर पाणी टाळतात; वृद्धपणीं तहानेची जाणीवही मंदावते. शाळेंतील मुली संकोचानें पाणी पीत नाहींत. मुतखडा आणि मूत्रमार्गाचा दाह यांना अशानेंच वाव मिळतो. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळें वैद्यांनीं पाण्याचें प्रमाण ठरवून दिलें आहे, त्यांनीं तें पाळावें. इतरांनीं दिवसां पुरेसें पाणी प्यावें आणि सायंकाळनंतर तें कमी करावें.

मूत्रपिंडाचा रोग पुष्कळदां वेदनेवांचून वाढतो. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्त व मूत्र तपासून घ्यावें. जळजळ झाली किंवा मूत्रांत रक्त दिसलें, तर सुनेनें सासूला व आजोबांनीं नातवाला तें निःसंकोच सांगावें. येथें लाज धरण्यानें घराची अब्रू राहत नाहीं. उपचाराची वेळ मात्र निघून जाते.