सहा हजारांची जिम की आठशेची?

यंदा तुरीची रास घरी आल्यावर भालकी तालुक्यातील आमचे एक शेतकरी बांधव आमच्याकडे आले. धाकट्या मुलाला पोलीस भरतीची तयारी करायची आहे. बसता बसताच त्यांनी विषय काढला, "फादर, पोरगं म्हणतंय हैदराबादला जिम लावायची हाय. महिन्याला सहा हजार, सहा महिने. बीदरला तर आठशेत होतंय. मग सहा हजारात असं काय देतेत?"

छत्तीस हजार रुपये म्हणजे कित्येक क्विंटल तुरीची पट्टी. शिवाय हैदराबादचा राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, दोन-चार ठिकाणी चौकशी केली, थोडे वाचले, आणि जे समजले ते याच पानावर मांडावे असे ठरविले. कारण हा प्रश्न घेऊन येणारे ते एकटेच नाहीत. कलबुर्गी, बीदर, उदगीर, बसवकल्याण, जेथे पाहावे तेथे जिमच्या पाट्या लागल्या आहेत आणि आपली मुले तेथे जात आहेत.

प्रथम दोहोंतील फरक सांगतो. साधी जिम म्हणजे एक मोठी खोली, आरसे, वजने, यंत्रे, मोठ्याने लावलेली गाणी. पैसे भरावे, हवे तेव्हा यावे, हवे ते उचलावे. तेथे एखादा प्रशिक्षक असतो, परंतु चाळीस माणसांत तो कोणाकोणाकडे पाहणार? महागड्या जिममध्ये बहुधा यंत्रे कमीच असतात. दहा-बारा जणांची तुकडी, ठरलेली वेळ, आणि समोर उभा राहून प्रत्येकाची चूक सुधारणारा प्रशिक्षक. क्रॉसफिट नावाचा जो प्रकार अमेरिकेत २००० सालापासून पसरला तो याच जातीचा. म्हणजे सहा हजारांतील मोठा वाटा लोखंडाचा नसून त्या माणसाच्या नजरेचा आहे.

आणि ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. पूर्वी गावोगावी तालीम होती. कानडी गावांत तिला गरडी म्हणतात. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घातलेले, भिंतीशी दोन जोड, एक गदा, आणि कट्ट्यावर बसलेला वस्ताद. सामान पाहिले तर आजच्या आठशेच्या जिमलाही हसू यावे. परंतु वस्तादाची नजर हलत नसे. कोणाची बैठक अर्धी होते, कोण दंड मारताना कंबर सोडतो, कोणाला आज ताप आहे, हे त्याला कट्ट्यावरून दिसे. फी म्हणजे माती खणायची आणि सांगेल ते ऐकायचे.

आपल्या सीमेला लागून निलंगा तालुक्यात रामलिंग मुदगड हे गाव आहे. तेथील हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते स्वतः वस्ताद झाले. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्ट येथे बीड जिल्ह्याच्या राहुल आवारेने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले तेव्हा त्याने ते आपल्या या दिवंगत गुरूला वाहिले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंतराने एका सुवर्णपदकातून दुसरे निघाले, ते यंत्रातून नव्हे.

खाशाबा जाधवांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान मातीत वाढला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा गादीवरची कुस्ती त्याला नवीच होती. तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्याला गादीचे डाव शिकविले आणि तो सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या वारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. अंगात बळ आधीपासून होतेच. नव्या जागी ते कसे वापरायचे हे दाखविणारा माणूस त्यावेळी भेटला. जाणत्या माणसासाठी पैसा मोडणे हा काही आजच्या मुलांचा नवा नाद नव्हे.

हे झाले पैलवानांचे. साध्या माणसाला प्रशिक्षकाचा उपयोग होतो का? याची परीक्षा झालेली आहे. २००० साली अमेरिकेत वीस पुरुषांच्या दोन तुकड्या केल्या. व्यायाम तोच, बारा आठवडे तेवढेच. एका तुकडीवर प्रशिक्षक सतत उभा, दुसरी आपली आपण करणारी. शेवटी पहिल्या तुकडीचे बळ स्पष्टपणे अधिक वाढले. कारण साधे होते: देखरेखीखालील माणसे वजन अधिक वेगाने वाढवीत गेली. एकटा माणूस थोडे दमले की थांबतो, हे आम्हास कोणी सांगायला नको.

दुखापतीचेही तसेच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत क्रॉसफिट करणाऱ्या ३८६ जणांना विचारले तेव्हा साधारण पाचांत एकाला सहा महिन्यांत दुखापत झालेली आढळली; खांदा, कंबर आणि गुडघा यांची. जेथे प्रशिक्षक जातीने लक्ष घालीत होते तेथे दुखापती कमी होत्या. तेव्हा महाग जिम चांगलीच असते असे नव्हे. नजर असेल तरच ती चांगली. दुसरी एक बाब वाचून आम्ही चकित झालो. क्रॉसफिटचा पहिल्या पायरीचा प्रशिक्षक होण्यास दोन दिवसांचा वर्ग पुरतो. आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि वस्ताद व्हायला निम्मे आयुष्य जाई. म्हणून पाटीवर इंग्रजी किती लिहिले आहे हे न पाहता, शिकविणारा कोठे शिकला आणि किती वर्षे शिकवितो हे विचारावे. विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडे मुलाला पाठवू नये.

आता पैशाचा हिशेब. येथे आमची स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आम्हाला साखर काठावर आहे असे सांगितले. आम्ही तातडीने शहरातील एका जिममध्ये तीन महिन्यांचे चोवीसशे रुपये भरले. आणि गेलो किती वेळा? अकरा. म्हणजे एका खेपेला दोनशे अठरा रुपये पडले. तेही कोणी काही न शिकविता. तेवढ्यावर आम्ही गप्प बसलो असतो, परंतु २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचला आणि धीर आला. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जात, म्हणजे दर खेपेला त्यांना सतरा डॉलरवर पडत. त्याच जिममध्ये दहा खेपांचे तिकीट काढले असते तर दहा डॉलरच पडले असते. स्वस्त जिमचा धंदा पुष्कळसा आमच्यासारख्या न येणाऱ्यांवर चालतो. सगळे सभासद एका दिवशी आले तर त्यांना उभे राहायला जागा पुरायची नाही.

उलट सहा हजारांच्या जिममध्ये मुलगा महिन्यातून वीस दिवस खरोखर गेला तर खेपेला तीनशे रुपये पडतात, आणि शिकवणी मिळते. आठशेच्या जिममध्ये वीस दिवस गेला तर चाळीस रुपये. चाळीस आणि तीनशे यांतील फरक कोणत्या दिवसांत देण्याजोगा आहे, हा खरा प्रश्न. आमचे मत असे की तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत देण्याजोगा आहे. वजन जमिनीवरून कसे उचलावे, खांद्यावर कसे घ्यावे, बैठकीत गुडघा कोठे जावा हे अंगवळणी पडेपर्यंत. एकदा अंगवळणी पडले की तेच ज्ञान घेऊन साध्या जिममध्ये जावे किंवा घरच्या अंगणात करावे. नांगर धरायला शिकविणारा जन्मभर मागे चालत नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले की सूट देतो, असे दोन्हीकडे सांगतात. आम्ही तरी महिन्याचेच भरू.

आणि पोलीस भरतीचे म्हणाल तर तेथे १६०० मीटर धावणे, उडी आणि गोळाफेक असते. धावण्यासाठी रस्ता लागतो, तो गावातच आहे. त्यासाठी यंत्रावर धावायचे पैसे देणे आम्हास पटत नाही. गोळाफेकीचे तंत्र मात्र जाणत्याकडून शिकावे. तालुक्याच्या शाळेतील एखादे क्रीडाशिक्षक आनंदाने दाखवतील.

दोन धोके मात्र आईबापांनी ध्यानात ठेवावेत. पहिला अतिरेकाचा. चुरशीच्या भरात नवखा मुलगा पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारतो. स्नायू फुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर येते. अंग असह्य दुखते, सुजते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असे दिसल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. कलबुर्गीच्या एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत व्यायाम पहाटेच करावा आणि पाण्याची हयगय करू नये.

दुसरा धोका सुईचा. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब चढविण्यासाठी मेफेन्टरमाईन नावाचे इंजेक्शन वापरतात. ते काही जिममध्ये दम वाढविण्यासाठी चोरून विकले जाते. ते हृदयावर आघात करते आणि त्याची सवय जडते. अंग फुगविणारी स्टिरॉइड यकृत, हृदय आणि पुरुषत्व यांची हानी करतात. मुलगा तीन महिन्यांत एकाएकी रुंद झाला, चेहऱ्यावर-पाठीवर पुरळ उठले, चिडचिड वाढली, तर कौतुक करण्याआधी चौकशी करावी.

खुराकाचे डबे हा सर्वांत मोठा खर्च, आणि तो आमच्या मते बहुतांशी टाळण्याजोगा. व्यायाम न करणाऱ्या साठ किलोच्या माणसाला दिवसाकाठी पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून मेहनत करणाऱ्याला नव्वदच्या घरात. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम असतात, शेंगदाण्यात पंचवीस, सोयाबीनमध्ये पस्तीसच्या वर (ते नीट शिजवूनच खावे), ज्वारीत दहा, एका अंड्यात सहा. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती तूर विकून त्याच पैशांचा परदेशी डबा आणायचा, हा व्यवहार आम्हास कळत नाही.

आमचे वडीलधारे वाचक म्हणतील, आम्हाला याचे काय? आम्ही दिवसभर शेतातच असतो. पूर्वी हे खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, रास यंत्र करते, शेताला मोटारसायकल जाते, आणि साखरेचा रोग गावात घरोघर आला आहे. शिवाय खुरपणीला दिवसभर एकाच अंगाने वाकल्याने कंबर मजबूत होत नाही, झिजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की मोठ्या माणसाने आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढील माणसांनी तोल सांभाळण्याचाही, म्हणजे पडणे टळते. याला जिम लागत नाही. खाटेवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, भिंतीला हात लावून दंड काढावे. आयाबहिणींनीही करावे. छातीत दुखणारांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आठ दिवसांनी आम्ही आमच्या त्या बांधवांना हे सारे सांगितले. त्यांनी मुलाला दोन महिन्यांचे पैसे दिले, सहाचे नाही. मुलगा शिकून परत आला. आता गावच्या खळ्यावर आणखी तिघांना घेऊन युरियाच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून व्यायाम करतो. युरियाचे पोते हल्ली पंचेचाळीस किलोचे येते. ते उचलताना पाठ सरळ ठेवून कुल्ल्यातून वाकायचे, पोते पायांना चिकटून वर घ्यायचे, हे त्याने वडिलांनाही दाखविले. वडील आधी हसले. मग खताच्या दिवसांत कंबर दुखली नाही असे त्यांनीच आम्हाला सांगितले. भरतीची जाहिरात अद्याप निघालेली नाही. मुलगा पहाटे पाचला रस्त्यावर धावत असतो.